आखातांतील परदेशी माणूस व त्याचा फोन



पोटासाठीं परमुलखांत जाऊन राहिलेल्या माणसाचा इतिहास लिहावयाचा म्हटला, तर त्याचीं साधनें कोणतीं? तहनामे नाहींत, बखरी नाहींत. पिवळीं पडलेलीं पत्रें, पाकिटांवरचीं तिकिटें, एखादी तार, आणि अलीकडच्या काळांत त्याच्या खिशांतला स्मार्टफोन, एवढींच. मी कांहीं इतिहासाचा पंडित नव्हें. माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत झालें आणि सारी हयात रत्नागिरी जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून मास्तरकी करण्यांत गेली. तथापि आमच्या भागांतून दुबई, कुवेत, मस्कत येथें गेलेल्या मुलांचीं पत्रें त्यांच्या आयांना वाचून दाखविण्याचें व त्यांचीं उत्तरें लिहून देण्याचें काम वीसपंचवीस वर्षें माझ्याकडे चालत आलें होतें. पुढें माझाच मुलगा तिकडे गेला. तेव्हां ह्या विषयावर आपल्यापुढें चार शब्द बोलण्याचा अधिकार, थोडासा कां होईना, मला आहे असें मी समजतों.

आखात आणि आपला किनारा ह्यांच्यामधील विजेच्या दळणवळणाची सुरुवात १८६४ सालीं झाली. इंग्लंडांत तयार केलेली समुद्रतार शिडांच्या जहाजांत भरून प्रथम मुंबईस आणण्यांत आली, आणि मग ग्वादर, मुसंदम, बुशहर असे टप्पे घेत घेत आखाताच्या माथ्याशीं असलेल्या फाव ह्या ठिकाणापर्यंत ती समुद्राच्या तळाशीं टाकली गेली. १८६५ त ह्या मार्गानें कराची व लंडन हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं. मुसंदमच्या खडकाळ टोंकाशीं एका चिंचोळ्या खाडींत एक उघडेंबोडकें बेट आहे. अरब लोक त्याला मक्लब म्हणतात. ह्या बेटावर तारकचेरी होती. दोन खंडांच्या बातम्या तेथील तारमास्तरांच्या बोटांखालून रात्रंदिवस जात. पण चहूंबाजूंस उभे कडे, माथ्यावर भाजणारें ऊन, आणि बोलावयास चारदोन सोबत्यांपलीकडे माणूस नाहीं, अशी त्यांची स्थिति. तीनचार वर्षांतच तें ठाणें तेथून उठवावें लागलें. आखातांत परकीय म्हणून राहून विजेच्या यंत्रावर दिवस कंठणारे हे पहिले लोक, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्याच १८६४ सालीं मस्कत येथें हिंदुस्थान सरकारचें टपालघर उघडलें. बहारिनला तें १८८४ त आलें, दुबईला १९०९ त. तेथें पेढी थाटून बसलेला मुंबईचा किंवा कच्छचा व्यापारी घरीं पत्र धाडी तें हिंदुस्थानचेंच तिकीट लावून. पुढें पुढें त्या तिकिटांवर कुवेत अथवा बहारिन हीं नांवें छापूं लागले एवढेंच. बाजारांत चलन रुपयाचेंच होतें. १९५९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें आखाती देशांकरितां निराळ्या नोटा काढल्या, कुवेतनें १९६१ त आपला दिनार सुरू केला, आणि १९६६ मध्यें आपल्या रुपयाचें अवमूल्यन झाल्यानंतर एकामागून एक उरलेल्या बहुतेक संस्थानांनींही रुपया सोडला. ही सारी सोय इंग्रजी साम्राज्याच्या पाठीवर बसून आलेली होती, तेव्हां तिच्याबद्दल अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळच्या परदेशी माणसाचें टपाल व पैसा, म्हणजे घराशीं जोडणारे दोन्ही धागे, त्याच्या स्वतःच्या देशाच्या हातीं होते. आजच्या माणसाच्या खिशांतील फोनची स्थिति ह्याच्या नेमकी उलट आहे. ती कशी, तें क्रमाक्रमानें सांगतों.

१९७३ नंतर खनिज तेलाचे भाव एकाएकीं चढले आणि आखातांत बांधकामांचा पूर आला. कोंकणांतील माणूस त्यापूर्वीं मुंबईच्या गिरणींत अथवा आगबोटींवर जात असे, तो आतां विमानानें दुबईस जाऊं लागला. मी नोकरीस लागलों तेव्हां वर्गांतील दरदहा मुलांत एकाचा तरी बाप तिकडे असे. पत्र पोंचावयास पंधरवडा लागे, उत्तर यावयास आणखी एक पंधरवडा. पत्रांतला मजकूर बहुधा ठराविक. प्रकृति बरी आहे, ड्राफ्ट पाठविला आहे, घराचें छप्पर पावसाळ्यापूर्वीं शाकारून घ्यावें. ज्या गोष्टी खऱ्या सांगावयाच्या त्या दोन्हीकडून लिहिल्या जात नसत. कारण वाचणारा मास्तर आणि लिहिणाराही मास्तरच! माझ्या देखत कोणती सून नवऱ्याला मनांतलें लिहील?

ह्या अडचणींतून सुटका केली ती टेपरेकॉर्डरनें. मुलगा पहिल्या सुटींत येतांना हें यंत्र घेऊन येई, आणि मग कोरी कॅसेट भरून ती तिकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठविण्याची चाल पडली. १९८८ सालची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी दुबईस सुतारकामावर होता. त्याची आई टेपरेकॉर्डर पदराखालीं झांकून शाळेंत आली. तिला बटणें दाबतां येत नव्हतीं. मीं यंत्र सुरू केलें तशी ती घटकाभर गप्पच राहिली, आणि मग तिनें मला हळूच विचारलें, "गुरुजी, आतां तो ऐकतो आहे का?" मीं तिला समजाविलें कीं, आतां नव्हे, पुढच्या महिन्यांत ऐकेल. मग ती अर्धा तास बोलली. मी वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलों. दुर्दैवानें ती कॅसेट नेणारा गृहस्थ ठरल्यापेक्षां एक दिवस आधींच निघून गेला होता. पुढें दुसरी भरली, ती पोंचली, आणि ही पहिली माझ्या कपाटांत राहून गेली.

ह्याच सुमारास तालुक्याच्या गांवीं पिवळ्या पाटीचीं टेलिफोन-बूथें निघालीं. दर मिनिटाला मीटरचे तांबडे आंकडे भराभर पुढें धांवत आणि आंतल्या माणसाची नजर बोलण्यापेक्षां त्या आंकड्यांवरच अधिक खिळलेली असे. पण तारांचें हें सुख केव्हां तुटेल ह्याचा भरंवसा नव्हता. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत गिळंकृत केलें आणि तिकडचे फोन मुके झाले. आमच्या पंचक्रोशींतील कित्येक घरांत चार-चार, पांच-पांच आठवडे आपला माणूस जिवंत आहे कीं नाहीं हें कळण्यास मार्ग नव्हता. सायंकाळीं सारी वाडी रेडिओभोंवतीं जमे. जॉर्डनमधील अम्मान येथून एअर इंडियाच्या विमानांनीं ५९ दिवसांत ४८८ उड्डाणें करून लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशीं आणलें, हें आतां जगजाहीर आहे. पण एस. टी. स्टँडवर उतरलेला माणूस पायीं घरीं चालत येई आणि तोच त्याच्या सुखरूपपणाचा पहिला निरोप ठरे, हें कोणत्याही अहवालांत सांपडावयाचें नाहीं.

मोबाईल फोन आला तो आपल्या देशांत १९९५ सालीं. प्रारंभीं तो श्रीमंतांचा खेळ होता. पण दहा वर्षांत तो मजुराच्याही हातीं गेला. दर महाग म्हणून घंटी वाजवून तोडण्याची एक सांकेतिक भाषाच लोकांनीं बनविली होती. एक घंटी म्हणजे खुशाल, दोन म्हणजे पैसे पाठविले. २००७-०८ च्या सुमारास स्मार्टफोन बाजारांत आला, २००९ मध्यें व्हॉट्सॲप निघालें, २०१५ त त्यावरून बोलतां येऊं लागलें आणि २०१६ च्या अखेरीस चेहराही दिसूं लागला. संभाषणाला दोन टोंकें लागतात हें मात्र विसरतां कामा नये. दुबईंतील टोंक आधींच सज्ज होतें; खेड्यांतील टोंक सप्टेंबर २०१६ नंतर, इंटरनेट एकदम स्वस्त झालें तेव्हां तयार झालें. आमच्या वाडींतील म्हाताऱ्या बायकांनीं जन्मांत कधीं लेखणी धरली नव्हती. त्या आतां मास्तराच्या मध्यस्थीवांचून मुलाशीं बोलूं लागल्या. माझें वीसपंचवीस वर्षांचें काम अशा रीतीनें संपुष्टांत आलें, आणि तें संपल्याचा मला आनंदच झाला.

आतां उलट बाजू. २०१९ मध्यें मी मुलाकडे शारजा येथें दोन महिने राहावयास गेलों. उतरल्या दिवशीं मोठ्या हौसेनें पत्नीला व्हॉट्सॲपवरून फोन लावला. पडद्यावर नुसतें चक्र फिरत राहिलें. पुन्हां लावला, पुन्हां तेंच. निघतांना घरीं थोडी कुरबुर झाली होती, म्हणून ती रागावून फोन घेत नसावी अशी माझी समजूत झाली, आणि संध्याकाळपर्यंत मी तोंड पाडून बसलों. मुलगा कामावरून आला, हंसला आणि म्हणाला, "बाबा, आई रागावलेली नाहीं. ह्या देशांत त्यावरून बोलणेंच बंद आहे. लिहा, फोटो पाठवा. बोलूं मात्र शकणार नाहीं." खुलासा असा कीं, इंटरनेटवरून बोलण्याची सेवा देण्याचा अधिकार त्या देशांत परवाना असलेल्या दूरसंचार कंपन्यांनाच आहे, आणि अशा कंपन्या दोनच. २०१७ च्या अखेरीस स्काईपही बंद झालें. पुढें ह्या कंपन्यांनीं कांहीं ठराविक ॲप्सवरून बोलण्याची मुभा दिली, परंतु त्यासाठीं महिना ५० दिरहम निराळे. साहेबाला पन्नास दिरहम कांहींच नव्हेत. पण जो मजूर खाणावळीचाही हिशेब काटकसरीनें करतो, त्याला ते जड जात. सौदी अरेबियानें नियम पाळणाऱ्या अशा ॲप्सवरील बंदी सप्टेंबर २०१७ मध्यें उठविली.

अर्थात् आपण ह्याबद्दल नाकें मुरडण्यापूर्वीं स्वतःच्या घराकडे पाहावें हें बरें. परदेशीं फोन करण्याचा मक्ता आपल्याकडेही ३१ मार्च २००२ पर्यंत एकट्या विदेश संचार निगमकडे होता, आणि इंटरनेटवरून बोलण्यास आपल्या सरकारनें परवानगी दिली ती १ एप्रिल २००२ पासून.

बोलण्याच्या बंदीहून अधिक महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. फोनचें यंत्र माणसाच्या मालकीचें, पण त्यांतला नंबर त्याच्या मालकीचा नाहीं. संयुक्त अरब अमिरातींत २०१२ पासून सर्व सिमकार्डें ओळखपत्राशीं पुनश्च जुळवून घेण्याची मोहीम निघाली. सौदी अरेबियानें २०१६ च्या जानेवारीपासून सिमकार्डाकरितां बोटाचा ठसा घेण्यास सुरुवात केली. परदेशी माणसाचें ओळखपत्र म्हणजे त्याचा वास्तव्याचा परवाना, ज्याला सौदींत इकामा म्हणतात. आणि हा परवाना नोकरीवर अवलंबून. नोकरी सुटली कीं परवाना आज ना उद्यां संपतो, परवाना संपला कीं नंबर धोक्यांत येतो, आणि नंबर गेला कीं पगाराचा संदेश, बँकेचें खातें, सरकारी कचेरीचा निरोप हें सारें त्याच्याबरोबर जातें. पूर्वींच्या व्यापाऱ्याचें तिकीट त्याच्या देशाचें होतें असें मीं मघाशीं म्हटलें, तें ह्यासाठींच. आजचा परदेशी माणूस ज्या धाग्यानें घराशीं बांधलेला आहे, त्याचें दुसरें टोंक यजमान देशाच्या दप्तरांत गांठ मारून ठेवलेलें आहे.

तथापि हें दप्तर फोनमधून उघडूं लागलें, त्यांत मजुराचा फायदाही झाला, हें कबूल केलें पाहिजे. मालकानें पासपोर्ट आपल्या कपाटांत ठेवावयाचा आणि मजुरानें आपल्या कागदांची स्थिति त्याच्या तोंडून ऐकावयाची, ही तिकडची जुनी रीत. मालक म्हणे इकामा वाढविला आहे, तर वाढविला आहे! सौदीच्या 'अब्शर' नांवाच्या सरकारी ॲपवर आतां तो स्वतः पाहूं शकतो कीं, परवाना कोणत्या तारखेस संपतो. मालकानें कोणा कामगाराविरुद्ध 'पळून गेला' अशी खबर दिली तर तिला तेथें हुरूब म्हणतात. ती लागली आहे कीं काय हेंही फोनवरून तपासतां येतें. १४ मार्च २०२१ पासून अमलांत आलेल्या सुधारणेनें, देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवान्यासाठीं कामगाराला मालकाच्या संमतीवांचून स्वतः अब्शरवरून अर्ज करण्याची सोय झाली. पण खाजगी मोटारीचे ड्रायव्हर, घरकामाचीं माणसें, पहारेकरी, मेंढपाळ आणि माळी ह्यांना त्या सुधारणेंतून वगळलें. म्हणजे जीं माणसें मालकाच्या उंबरठ्याच्या आंत एकटीं असतात, नेमकीं तींच बाहेर राहिलीं. त्यांच्या हातींही तोच फोन आहे, तेंच ॲप आहे. फक्त तें बटण त्यांच्यासाठीं चालत नाहीं.

करोनाच्या सांथींत ह्या साऱ्याची परमावधि झाली. कतारमध्यें २२ मे २०२० पासून घराबाहेर पडतांना फोनमध्यें 'एहतेराज' नांवाचें ॲप असणें सक्तीचें झालें. न पाळल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन लाख रियालपर्यंत दंड. साधा, बटणांचा फोन बाळगणाऱ्या मजुराला त्या दिवसापासून स्मार्टफोन ही चैन न राहतां रस्त्यावर पाऊल टाकण्याची अट झाली. ॲम्नेस्टी ह्या संस्थेनें त्या ॲपमध्यें एक मोठें छिद्र असल्याचें त्याच महिन्यांत उघडकीस आणलें. दहा लाखांहून अधिक माणसांचीं ओळखपत्राचे क्रमांक, नांवें व ठावठिकाणा परक्यांच्या हातीं पडण्याचा त्यामुळें संभव होता. सरकारनें तें छिद्र तत्परतेनें बुजविलें.

दुसरें एक दुखणें मायदेशाच्या बाजूचें आहे. येथील बँकेचा व्यवहार करावयाचा तर येथील नंबरावर सांकेतिक आंकडे येतात, ज्यांना ओटीपी म्हणतात. २०१३ च्या नियमाप्रमाणें ९० दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करूं शकते. वीस रुपये शिल्लक ठेवून तो जिवंत राखण्याची सोय आहे, पण ती किती जणांस ठाऊक? माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा नंबर असाच गेला आणि कालांतरानें तो भलत्याच गृहस्थास मिळाला. बहिणीच्या लग्नासाठीं ठेवलेले पैसे एका बँकेंत सुखरूप होते, परंतु त्यांची किल्ली प्रत्येक वेळीं त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन वाजत होती. नंबर बदलून द्या म्हणावें, तर स्वतः शाखेंत या असें उत्तर. शेवटीं विमानाचें भाडें भरून तो आला. २०२३ च्या जानेवारींत दहा देशांतील नंबरांवरून अनिवासी भारतीयांना यूपीआय वापरण्याची मुभा देण्याचें ठरलें. त्या दहांत अमिरात, सौदी, कतार व ओमान हे आखातांतील चार देश आहेत. कुवेत व बहारिन त्या यादींत नव्हते.

मीं ज्या बाईची कॅसेट सांगितली, तिची हकीकत अपुरी राहिली आहे. ती २०२० च्या एप्रिलअखेरीस वारली. २२ मार्चपासून परदेशांतून येणारीं विमानें बंद होतीं; मुलगा दुबईंत, आतां स्वतःच बत्तीस वर्षांच्या परवासानें म्हातारा झालेला. अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसें जमण्यास मनाई. व्हॉट्सॲपवरून दुबईस बोलतां येत नव्हतें. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत तेथील सरकारनें मुलांच्या शाळा घरूनच चालाव्यात म्हणून झूम वगैरे कांहीं ॲप्स खुलीं केलीं होतीं. माझ्या नातवाला शाळेमुळें तें चालवितां येत होतें. त्यानें फोन हातांत धरला आणि तो तिरडीबरोबर चालत गेला. मुलगा पडद्यावर होता. मधून मधून चित्र थांबे, मग तो विचारी, "गुरुजी, कोठवर आलांत?" मी सांगें, "वडापर्यंत आलों." पुन्हां थोड्या वेळानें, "गुरुजी, आतां कोठें?"

तेराव्यानंतर मला कपाटांतल्या त्या कॅसेटची आठवण झाली. टेपरेकॉर्डर मिळविण्यांतच आठ दिवस गेले. फीत बुरसटली होती, पण चालली. नातवानें ती फोनमध्यें उतरवून घेतली आणि व्हॉट्सॲपवरून दुबईस पाठविली. ध्वनि पाठविण्यास तेथें कोणतीच बंदी नव्हती. प्रारंभीं बराच वेळ कांहीं नाहीं, नुसती खरखर आणि वर्गाबाहेरच्या मुलांचा गलका. मग, "गुरुजी, आतां तो ऐकतो आहे का?" मला त्याचा फोन आला नाहीं. तीन दिवसांनीं दोन ओळी लिहून आल्या. त्यानें विचारलें होतें कीं, छप्पर शाकारल्याचें आई त्यांत सांगते आहे, तें कोणत्या सालचें?